माझा व्हर्निअर खोटं बोलत नाही

ज्या कारखान्यात मी पहिल्यांदा लेथवर उभा राहिलो, तिथे व्हर्निअर फोरमनच्या टेबलाच्या खणात असायचा आणि खणाला कुलूप असायचं. माप घ्यायचं तर हाक मारायची. फोरमन चहा संपवून यायचे, व्हर्निअर लावायचे, आकडा मनातल्या मनात वाचायचे आणि सांगायचे, "अजून थोडं घे." थोडं म्हणजे किती, ते सांगायचे नाहीत. एकदा मी हात पुढे केला तर म्हणाले, "आयटीआय केलंस? नाही ना? मग हात मागे."

तीन वर्षं हात मागे ठेवला. ती तीन वर्षं मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्यानंतर मी घरात धड स्टोव्ह नसताना स्वतःचा व्हर्निअर घेतला. दुकानदाराशी दोन तास घासाघीस केली. किंमत उतरली नाही. मग मी म्हटलं, किंमत तुमची, निवड माझी. सहा डबे उघडायला लावले. प्रत्येकाचे जबडे मिटवून ट्यूबलाइटसमोर धरले. जबड्यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की तो परत डब्यात. पाच परत गेले. सहाव्यात उजेड दिसला नाही. दुकानदार वैतागून म्हणाला, "लग्नाला मुलगी तरी एवढी बघितली होती का?" मी म्हटलं, "लग्न अजून व्हायचंय."

तो सहावा व्हर्निअर आज माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. पनवेलहून कोन गावाच्या दिशेला जाताना आतल्या रस्त्याला माझा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. दुसऱ्यांच्या गाळ्यांत आता आकडे दाखवणारे डिजिटल आले आहेत. सेल संपला की ते झोपतात. माझा झोपत नाही. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन भागांपर्यंत तो वाचतो आणि ते वाचायला फक्त डोळे लागतात.

त्याचे नियम मी केले आहेत आणि ते मोडणाऱ्याला माझ्या तोंडून काय ऐकावं लागतं ते शेजारच्या गाळ्यांनाही पाठ आहे. व्हर्निअर लेथच्या बेडवर ठेवायचा नाही, फडक्यावर ठेवायचा. फिरत्या जॉबला, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्याला, लावायचा नाही. कापून गरम झालेल्या जॉबला लावायचा नाही, जॉब हाताला गार लागला पाहिजे. जबड्याच्या टोकाने रेघ मारायची नाही. जबडे दाबायचे नाहीत, टेकवायचे. काम झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून, जबडे किंचित उघडे ठेवून डब्यात. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे खालच्या जबड्यांमध्ये कोरा कागद धरायचा, जबडे अलगद मिटवायचे, कागद ओढून काढायचा. धूळ कागदाबरोबर जाते. मग शून्य बघायचं. शून्यावर शून्य बसलं की दिवस सुरू.

हे सगळं मी स्वतः करतो. लेथवर काम करणारा माणूस गव्हाणचा आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा, त्याला मी दादा म्हणतो. तो मला शेठ म्हणतो, पण ते म्हणताना त्याच्या आवाजात आदरापेक्षा गंमत जास्त असते. त्याच्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. पण व्हर्निअर पुसायचा अधिकार त्यालाही दिला नव्हता. दिला असता तर पुढचं काही घडलं नसतं, असं आता वाटतं.

यंदा दसऱ्याच्या आधी एका पंपाच्या कंपनीने मला बुशचं काम दिलं. बुश म्हणजे गनमेटलची जाड नळी, पंपाच्या शाफ्टभोवती बसते. दोनशे नग. आतला व्यास चाळीस मिलिमीटर, वर जास्तीत जास्त दहा शतांश चालेल, त्यापुढे नाही. ते काम मिळवायला मी चार महिने त्या कंपनीच्या दाराशी चपला झिजवल्या होत्या. माझं नाव त्यांच्या यादीत आलं, म्हणजे दुसऱ्या लेथला वर्षभर पुरेल एवढं काम आलं. यादीतून नाव गेलं तर ती लेथ बंद आणि ती लेथ चालवणारा दादा घरी. एवढं साधं गणित होतं.

त्या आनंदात मी खंडेनवमीच्या पूजेला व्हर्निअर डब्यातून बाहेर काढला. एरवी मी डब्यालाच कुंकू लावतो. यंदा पाटावर मधोमध व्हर्निअर ठेवला, भोवती टूलबिट, पाने, हातोडी. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून आम्ही ते तेलात कालवतो. मी अनामिकेने व्हर्निअरला कुंकू लावलं, वर उभ्या राहिलेल्या दोन छोट्या टोकांना, कपाळाला लावावं तसं. मशीनला लावलं, ड्रिलला लावलं. दादाने पेढा तोंडात टाकून विचारलं, "शेठ, ह्याला येवरा मान? आमाला तर डब्यातबी नाय ठेवला कंदी."

दसऱ्याचं कुंकू आमच्याकडे कुणी पुसत नाही. वापरता वापरता जाईल तेव्हा जाईल. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा खालच्या जबड्यांत कागद ओढला, शून्य बघितलं. शून्यावर शून्य होतं. काम सुरू केलं.

पहिले पाच बुश झाल्यावर मी स्वतः ते पिशवीत घालून कंपनीत नेले. तिथला तपासणीचा इंजिनिअर पुण्याचा, तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, "हे पाच बघून सांगा, मग पुढचे कापतो."

"ठेवून जा काका. बघतो."

मी ठेवून आलो. दोन दिवस फोन केला. "बघतो." चौथ्या दिवशी पुन्हा केला. "काका, लोड आहे, बघतो." तारीख ठरलेली होती. थांबून चालणार नव्हतं. मी कापत गेलो.

मध्ये एकदा दादाने लेथ बंद केली. आतलं भोक, म्हणजे बोअर, कापून झालेला बुश आम्ही मँड्रेलवर चढवतो, म्हणजे एका नेमक्या जाडीच्या रॉडवर, आणि मग बाहेरून कापतो. तो म्हणाला, "शेठ, ह्यो मँड्रेलवर जरा ढिला बसतंय. हाताला लागतंय."

मी व्हर्निअरचे वरचे छोटे जबडे बुशच्या आत उघडून धरले. बोअर मोजायचा तो त्यांनीच. चाळीस आणि वर सहा शतांश. दहाच्या आत.

"हे बघा. सहा."

"तुमचा सहा असंल. माझ्या हाताला ढिला लागतंय."

"तुमच्या हाताला आकडे छापलेत का?" मी ओरडलो. शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग थांबलं एवढ्याने ओरडलो. "व्हर्निअर सांगतोय सहा, म्हणजे सहा!"

दादाने खांदे उडवले आणि बेल्ट टाकून लेथ पुन्हा चालू केली.

दोनशे बुश कंपनीत पोचले आणि शुक्रवारी सकाळी फोन आला. सगळा लॉट नापास.

मी स्कूटर काढली आणि व्हर्निअरचा डबा डिकीत नाही, शर्टाच्या आत ठेवून निघालो. इंजिनिअरच्या टेबलावर माझे बुश रांगेत मांडलेले. त्याने एक उचलला आणि त्यांचं गेज हातात घेतलं. पोलादी दांडी, दोन टोकं. एक टोक बोअरमध्ये गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दुसरं टोक थोडं जाड असतं आणि त्याला सगळे नो-गो म्हणतात.

"बघा काका. नो-गो सरळ आत जातंय."

गेलं. सुळकन गेलं.

"किती मोठा आहे बोअर?" मी विचारलं.

"ते मी का बघू? नो-गो गेलं, विषय संपला."

मी डबा काढला, व्हर्निअर लावला, त्याच्यापुढे धरला. "वाचा. तुम्हीच वाचा."

त्याने वाकून वाचलं. "सहा दिसतंय. पण काका, व्हर्निअरवर बोअर कोण पास करतं हल्ली?"

"मी करतो. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून करतो."

"म्हणूनच तर..." एवढं म्हणून तो थांबला.

ते न बोललेलं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं. कुलपाच्या खणापाशी उभं राहून मी ते तीन वर्षं ऐकलेलं होतं.

"तुमचं गेज झिजलंय," मी म्हटलं. आवाज चढला होता, स्टोअरमधली माणसं दारात आली होती. "रोज शेकड्याने बुशांत घालता. नो-गो झिजलं की बारीक होतं आणि चांगल्या बोअरमध्येसुद्धा शिरतं. कधी तपासलं होतं शेवटचं? दाखवा तारीख!"

त्याने गेजवरचं स्टिकर पाहिलं. अर्धं फाटलं होतं, तारखेचा भाग गेला होता. मी ते पकडलं. "बघा सगळ्यांनी! तारीखच नाही! आणि माझा माल नापास!"

त्याचे कान लाल झाले. पण तो ओरडला नाही. तो म्हणाला, "तुमचा व्हर्निअर कुठे तपासलाय?"

"माझा व्हर्निअर खोटं बोलत नाही."

"ठीक आहे. गेज आमच्या लॅबमध्ये पाठवतो. तुम्ही सोमवारपर्यंत व्हर्निअरचा बाहेरचा रिपोर्ट आणा. तो बरोबर निघाला तर मी लॉट घेतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. चुकला तर यादीतून नाव काढतो. मंजूर?"

"मंजूर."

"काका, विचार करून सांगा."

"मंजूर म्हटलं ना!"

निघताना मला माझे ते पाच नमुने दिसले. त्याच्या कॉम्प्युटरच्या मागे, त्याच पिशवीत, मी मारलेल्या त्याच गाठीसकट. ते पाहून जे काही माझ्या डोक्यात झालं ते तिथे बोललो नाही. ते जपून ठेवलं.

पनवेलमध्ये जुन्या वस्तीत एक गृहस्थ मोजमापाची उपकरणं तपासून देतात. मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, कोकणातल्या इस्रायली समाजातले. मुलं तिकडे इस्रायलला गेली, हे इथेच राहिले. दाराच्या चौकटीवर त्यांच्या रिवाजाची छोटी तिरकी डबी लावलेली आहे आणि आतली पुढची खोली मोजमापासाठी राखलेली. तिथे एसी बारा महिने एकाच तापमानावर चालतो. मी साडेचारला पोचलो.

"सोमवारी सकाळी रिपोर्ट पाहिजे," मी म्हटलं.

"व्हर्निअर आधी या खोलीत काही तास बसला पाहिजे. उन्हातून आलाय, शर्टात ठेवून आणलाय. तुमच्या पोटाची ऊब त्यात आहे. आणि सूर्य मावळायच्या आधी मी काम बंद करतो. उद्या शब्बाथ, आमचा सुट्टीचा वार. परवा सकाळी आठला या."

"उद्या संध्याकाळी?"

"परवा सकाळी."

"दुप्पट घ्या."

"दुप्पट दिले तर सूर्य उशिरा मावळेल?"

मी आयुष्यात बऱ्याच लोकांशी घासाघीस केली आहे. समोरचा कुठे हलेल ते मला पाच मिनिटांत कळतं. हा माणूस कुठेच हलणार नव्हता. मी म्हटलं, "मग परवा सकाळी घेऊन येतो."

"ठेवून जा. दोन रात्री राहिला तर चांगला गार होईल."

पंचवीस वर्षांत एकही रात्र व्हर्निअर माझ्या छपराबाहेर राहिला नव्हता. मी डबा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. ते बघत होते. एका कागदावर मी त्याचा नंबर लिहून घेतला आणि त्यांची सही घेतली. त्यांनी न हसता सही केली.

शनिवारी वर्कशॉपमध्ये काम नव्हतं. दादा लेथ पुसत बसला होता. "व्हर्निअर गावाला गेला का?" त्याने विचारलं. सोमवारी त्या इंजिनिअरला काय काय ऐकवायचं ते मी मनात लिहीत होतो. माफी त्याने स्टोअरमध्ये मागितली पाहिजे, केबिनमध्ये नाही. पाच नमुन्यांची पिशवी सगळ्यांसमोर उघडायची. संध्याकाळपर्यंत भाषण तयार होतं.

रविवारी आठला मी हजर. गृहस्थांनी लाकडी पेटीतून चकचकीत पोलादी ठोकळे काढले. प्रत्येक ठोकळ्याची जाडी ठरलेली, त्यात फरक नाही. खालच्या जबड्यांत एकेक धरला. दहा. पंचवीस. पन्नास. शंभर. प्रत्येक वेळी आकडा नेमका. मी खुर्चीत मागे रेललो.

"झालं ना? लिहा."

"वरचे राहिले."

त्यांनी एक पोलादी कडं काढलं. आतून बरोबर चाळीस मिलिमीटर. वरचे छोटे जबडे त्यात उघडले, वाचलं, कडं थोडं फिरवलं, पुन्हा वाचलं. मग व्हर्निअर माझ्या हातात दिला.

एकोणचाळीस आणि चौऱ्याण्णव शतांश. सहाने कमी.

मी पुन्हा लावलं. तेच. जबडे हळूच हलवून पाहिले. तेच.

"तुमचं कडं..."

"कड्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. वाचा."

मी वाचलं नाही. काय झालं ते मला कळायला लागलं होतं. जबडे कड्याला लवकर टेकत होते, म्हणून आकडा कमी येत होता. बोअर लहान वाटला की आपण अजून कापतो. माझे सहा शतांश म्हणजे खरे बारा. नो-गो उगाच शिरलं नव्हतं.

त्यांनी भिंग लावलं आणि मला बोलावलं. "काय दिसतं?"

दोन्ही छोट्या जबड्यांच्या बाहेरच्या धारेवर तपकिरी लाल पापुद्रा होता, व्हार्निश मारल्यासारखा. त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवला. कापूस लाल झाला. त्यांनी वास घेतला. "तेल आहे."

"कुंकू," मी म्हटलं.

ते हसले असते तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ते म्हणाले, "दसऱ्याचं?"

"हो."

"आमच्या टूलरूममध्ये चाळीस माणसं होती. दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी माझं काम ठरलेलं. सगळ्यांचे मायक्रोमीटर, व्हर्निअर घेऊन बसायचं आणि टेकायच्या जागा पुसायच्या. स्वतः कुणी पुसत नसे, कुंकू पुसायचं कसं? मी पुसलेलं मात्र सगळ्यांना चालायचं. मी तुमच्यातला नाही ना. आपण होऊन आणून द्यायचे, म्हणायचे, साहेब, तेवढं बघा." कापूस टाकून त्यांनी दुसरा घेतला. "मी निवृत्त झाल्यावर कोण करतं कोण जाणे. पूजा करा, पण पट्टीच्या पाठीवर लावा. जबड्यांना नको."

पुसल्यावर कड्यात पुन्हा लावलं. चाळीस. नेमके.

माझं डोकं तोवर चालायला लागलं होतं. मी म्हटलं, "आता बरोबर आहे. हेच लिहा. खोटं काही नाही त्यात."

"आला तेव्हा काय होतं आणि पुसल्यावर काय आहे, दोन्ही लिहितो."

"पुसल्यावरचं तेवढं लिहा. माझ्या लाइनीत पाच गाळे आहेत. सगळ्यांची उपकरणं तुमच्याकडे आणतो. दर वर्षी."

"आणा की. त्यांचंही दोन्ही लिहीन."

दोन्ही लिहिलेला कागद घेऊन मी निघालो. वाटेत माझ्या मनात काय काय आलं ते लपवत नाही. कागद हरवला म्हणता येईल. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणता येईल. फाटलेल्या स्टिकरवरून अजून दहा दिवस भांडता येईल, त्यात मी कच्चा नाही. पण सोमवारी तो इंजिनिअर एवढंच म्हणेल, काका, तुमचाच व्हर्निअर लावा. आणि आता तो बारा दाखवेल. माझाच व्हर्निअर माझ्याविरुद्ध साक्ष देईल. आणि दुसरं कारण असं की ज्याच्या भरवशावर मी पंचवीस वर्षं लोकांशी भांडलो, त्याच्यासमोर मला खोटं बोलायचं नव्हतं.

दादाला फोन करून बोलावून घेतलं. गाळ्यात उरलेला एक बुश काढून मोजला. बारा. दादाने माझ्याकडे पाहिलं, बुश मँड्रेलवर सरकवला, दोन बोटांनी हलवून दाखवला. मी त्याला सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "शेठ, मंग आता शिव्या कोनाला देनार?"

"मला द्या."

"मी?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना ढिला बसतंय म्हणून? मी ओरडलो. द्या आता."

दादाने दिली. गव्हाणच्या खाडीकडची, ठेवणीतली, मी आधी न ऐकलेली. दिल्यावर दोघंही हसलो. मग मी व्हर्निअरचा डबा त्याच्या लेथशेजारच्या फळीवर ठेवला आणि म्हटलं, "उद्यापासून सकाळी मी बघणार, मग तुम्ही बघणार. खालचे आणि वरचे. आणि हाताला ढिलं लागलं तर लेथ बंद. मी काहीही बोललो तरी."

"काहीबी?"

"काहीही."

सोमवारी नऊला मी इंजिनिअरच्या टेबलासमोर होतो. त्याच्याही टेबलावर लॅबचा कागद होता. त्याने तोंड उघडायच्या आत मी माझा पुढे सरकवला.

"गेज तुमचं बरोबर आहे. माझ्या व्हर्निअरच्या वरच्या जबड्यांवर कुंकू सुकलं होतं, सहा शतांशांचं. दोनशे बुश माझ्या अंगावर. वितळायला देतो."

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. "कुंकू?"

"कुंकू. हसायचं तर हसून घ्या."

"नाही, नाही." तो खरंच हसला नाही. "काका, तुम्ही हा पहिला आकडा कागदावर ठेवलात. कुणी ठेवत नाही."

"ठेवला. आता ठरल्याप्रमाणे नाव काढा. पण काढायच्या आधी ती पिशवी उघडा." मी कॉम्प्युटरच्या मागे बोट दाखवलं.

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याने पिशवी ओढली, गाठ सोडली, पहिला बुश घेतला आणि नो-गो लावलं. गेलं. दुसऱ्यात गेलं. पाचही बुशांत गेलं.

शनिवारी तयार केलेलं भाषण होतं. ते लागलं नाही. मी एवढंच म्हटलं, "हे आणून दिले त्या दिवशी तुम्ही उघडले असते तर पाचच बुश वाया गेले असते. माझी चूक मी लिहून आणली आहे. तुमची कुठे लिहिली आहे?"

त्याने गेज खाली ठेवलं. दारातून कुणीतरी डोकावलं, त्याने हातानेच जायला सांगितलं.

"माझ्याकडून राहिलं," तो म्हणाला. "साहेबांना हे कळलं तर..."

"मला साहेबांकडे जायचं नाही. मला काम पाहिजे. माझ्या अटी ऐका. नाव राहील. नवा लॉट मी माझ्या खर्चाने करून देतो. पहिले पाच आणीन, तुम्ही माझ्यासमोर, त्याच तासाला तपासणार. आणि असं एक गेज माझ्या गाळ्यात, सही घेऊन द्या. लॉट संपला की परत."

"गेज बाहेर देत नाहीत काका."

"मग चांगला माल मिळावा अशी तुमची इच्छाच नाही."

"अहो, तसं नाही..."

"मग द्या. किती दिवसांत पाहिजे माल?"

"चार."

"दहा."

"काका, लाइन थांबली आहे."

"ती आठ दिवस पिशवी बंद होती तेव्हाच थांबली. आठ."

"पाच."

"सात, आणि गेज आज."

"सहा. आणि गेज आज. पण एक जरी बुश नो-गोवर गेला तर मी खरंच नाव काढीन."

"काढा."

त्याने तपासणीच्या कागदावर लिहिलं: नमुने वेळेत तपासले गेले नाहीत, नवीन लॉटला सहा दिवस मंजूर. मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही करायला लावली. माफी त्याने मागितली नाही. मी त्याचा राग अजून सोडलेला नाही, दोनशेपैकी एकशे पंच्याण्णव बुश माझ्या मते अजूनही त्याच्या नावावर आहेत. पण सही पक्की होती आणि गेज स्टोअरमधून फडक्यात गुंडाळून माझ्या हातात आलं.

बाहेर टेम्पोत नापास माल भरून दादा बसला होता. "काय झाला?"

"नाव राहिलं. सहा दिवस मिळाले."

"दोनशे? सहा दिवसांत?" त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "धातू कवा ओतून येनार?"

"आधी ओतशाळेतच जायचं. हे तिथेच उतरवू, उभं राहून ओतून घेऊ."

"मंग बसा ना शेठ आत. उभे काय ऱ्हायलाव?"

मी गेज मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, वाटेत चहाला थांबायचं नाही.